हाक मारून बघू

पोटात होतीस तोवर तू खोंग होतीस,
सोयाबीनचा एक दाणा.
सोनोग्राफीच्या कागदावर तेवढीच दिसली होतीस,
आणि पोटातल्या नावाचा सरकारला हिशेब लागत नाही.
आता महिना भरत आला.
फ्रिजवर चुंबकाखाली अर्ज,
नावाचा रकाना कोरा,
आणि मी सव्विसाव्या दिवशीही
तेच समुद्रशेवाळाचं सार पितेय.

तुझे आजोबा मासळीबाजारामागच्या गल्लीत जाऊन आले.
तिथे दातांच्या दवाखान्याच्या वर
कू नावाचे गृहस्थ नावं काढून देतात.
वर्ष, महिना, दिवस, तास मांडून ते म्हणाले,
मुलीच्या वाट्याला लाकूड उदंड, विस्तव पुरेसा,
पाणी नाही.
मोकपोत जन्मलेली पोर,
खिडकी उघडली की बंदर,
टॉवेल तीन तीन दिवस वाळत नाहीत,
आणि पाणी नाही!
मी हसले तर टाके दुखले.

पाकिटात तीन नावं आली.
प्रत्येक अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब,
रेघांची बेरीज शुभ,
दीड लाख वॉन, पावती नाही.
तुझे बाबा गोदीत जहाजांना वेल्डिंग करतात.
सांधे तपासावेत तशी त्यांनी अक्षरं पाहिली
आणि म्हणाले, मजबूत आहेत.
माझी आई काहीच बोलली नाही.
दुपट्यांच्या घड्या घालत राहिली.

आईचं नाव हूनाम.
म्हणजे, यानंतर मुलगा.
चौथी मुलगी झाली तेव्हा तिच्या वडिलांनी
तिला नाव दिलंच नाही,
तिच्या पाठीवर एक निरोप लिहिला,
न आलेल्या कुणासाठी.
तो आला, दोन वर्षांनी.
निरोप पोचला,
पण पाठीवरचा कुणी पुसला नाही.
शाळेत ती ‘हजर’ म्हणायची
तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं,
मुलगा कुठाय?
पुढे ती ह्येरिमची आई झाली, गल्लीभर तेवढीच ओळख.
मी ह्येरिम.
तिला म्हणे सुटल्यासारखं वाटलं.

काल रात्री तिने ते पाकीट उचललं,
बाल्कनीत गेली,
आणि चौदाव्या मजल्यावरून, अंधारात,
जेवायला ये म्हणून बोलवावं तसं
एकेक नाव ओरडून पाहिलं.
पहिलं घशातच अडकलं.
दुसरं खाली पार्किंगपर्यंत गेलं आणि बसलं.
तिसऱ्याला कुणाचा तरी कुत्रा भुंकला.
‘रेघा मोजून काय कळणार?
बूटसुद्धा दुकानात चार पावलं चालून बघतात.’

मग मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे.
यॉउल.
ओढा जिथे उथळ होतो
आणि गोट्यांवरून घाईघाईनं
बडबडत पळतो, ती जागा.
आपल्याच बोलीतला शब्द,
चिनी अक्षर नाही त्याला, थेंब नाहीत मोजायला.

आई कठड्याकडे वळली.
यॉउराऽ!
हाकेत शेवटचा ल विरघळतो, र होतो,
आणि मग अडवायला काही उरत नाही.
बंदराच्या दिव्यांपर्यंत गेली असावी,
कारण आई बराच वेळ कान देऊन उभी होती.
आत तू झोपेत एक पाय झाडलास.
(तो तू कशानेही झाडतेस, मला ठाऊक आहे.)

आज कार्यालयात खिडकीमागचा पोरगा म्हणाला,
चिनी अक्षरांचा रकाना राहिलाय.
राहिला नाही, सोडलाय.
आजोबांना अजून सांगायचंय.
बाबा म्हणतात, संध्याकाळी चांगला मासा घेऊन जाऊ.

परतताना चढावर आई मागे पडली,
तिचे गुडघे.
मी वळले, तू माझ्या खांद्यावर,
आणि तोंडाशी तिचं नाव आलं, कसं कोण जाणे.
आईला नावानं हाक मारत नाहीत आमच्यात.
ओम्मा, म्हटलं मी.
येतेय, ती म्हणाली,
आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत,
ल चा र करत,
चढू लागली.